शनिवारचं पाणी

"मयत हौसा दौलत, वय एकतीस, ही रविवार दिनांक तेरा डिसेंबर १९८७ रोजी सकाळी विहिरीवर पाणी शेंदत असता पाय घसरून पडून मरण पावली. पती शनिवारपासून नारपोली येथे ड्युटीवर. कोणाविषयी संशय नाही."

मानकोलीपलीकडच्या आमच्या गावात झालेल्या पंचनाम्यातली ही वाक्यं. हौसा माझी आई. मी जे लिहिते आहे ते घडलेलं आहे. पंचनाम्याविषयी मी तसं म्हणू शकत नाही.

आई नगरकडची, मिशनच्या वस्तीत वाढलेली. तिथला नेम तिने सासरीही सोडला नाही. रविवार प्रभूचा, म्हणून त्या दिवशी पाणी भरायचं नाही. शनिवारी संध्याकाळीच हंडे, कळशी, रांजण काठोकाठ भरायचे आणि विहिरीवरचा पोहरा सोडून घरी आणायचा.

हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

फक्त माझ्या वडिलांना नव्हतं. नारपोलीतल्या त्यांच्या लूमची, यंत्रमागाच्या कारखान्याची, सुट्टी शुक्रवारी असे. अकरा वर्षांच्या संसारात एकही रविवार त्यांनी घरात काढला नव्हता.

त्या शनिवारी मी नाताळच्या गाण्यांच्या सरावासाठी ठाण्याला चर्चच्या पाळकांकडे राहिले होते. दहा वर्षांची होते. रविवारी दुपारी परतले, तेव्हा आईला अंगणात ठेवलं होतं. विहिरीवर आमचा पोहरा सापडला होता.

मी आत गेले.

हंडे भरलेले... कळशी भरलेली... रांजण काठोकाठ.

पंचनाम्याला आलेल्या पोलीस जमादाराला मी ते दाखवलं. "पोरी," तो म्हणाला, "पाणी काय कुणी वार बघून भरतं?"

या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं. ते लिहून घेण्याची तसदी शासनाने घेतली नाही.

दोनच दिवस आधी, शुक्रवारी, आई वडिलांसमोर एक कागद घेऊन बसली होती. नगरच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज. त्यावर बापाची सही हवी होती.

"पोरगी शिकून काय बिशप होनार हाय?" वडील म्हणाले.

"झाली तर तुम्हाला पहिल्या बाकावर बसवीन. सही करा."

"जूनपासून ती लूमवर कांड्या भरंल. झाला विषय."

"ती शाळेत जाईल," आई म्हणाली. "मी जिवंत आहे तोवर तरी."

आईच्या मृत्यूनंतर तो अर्ज घरात कुठेच मिळाला नाही. पंचनाम्यातही त्याची नोंद नव्हती.

पंचायतीने विहिरीवर लोखंडी जाळी ठोकली. रहाट काढून नेला. आम्ही शेजारच्या पार्वतीकाकूंच्या आडावरून पाणी आणू लागलो.

पुढच्या शनिवारी, दिवेलागणीला...

रहाट कुरकुरला.

जो तिथे नव्हताच, तो रहाट.

सकाळी हंडे भरलेले होते. मला आधी पार्वतीकाकूंचाच संशय आला. स्पष्टच विचारलं.

"मी कशाला भरू गो बाय?" त्या हळूच म्हणाल्या. "तुजी आय भरते."

यावर माझा विश्वास बसला नाही. तिसऱ्या शनिवारी मी सगळी भांडी पालथी घातली. उंबऱ्यावर राख चाळून पसरली. कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि पार्वतीकाकूंच्या ओटीवर वडिलांची वाट पाहत बसले.

ते आले. कुलूप मीच काढलं.

राखेवर एकही पाऊल नव्हतं.

भांडी उभी होती. भरलेली होती.

आणि रांजणाच्या झाकणावर... तो अर्ज.

चिंब ओला. तरीही आईच्या अक्षरातली शाई तसूभरही फुटली नव्हती.

वडिलांनी मला काही विचारलं नाही. नुसतं "पेन दे" म्हणाले. उभ्याउभ्याच सही केली आणि त्या दिवसापासून नारपोलीत खोली घेऊन राहू लागले.

त्यानंतर रहाट कधी वाजला नाही.

मी शिकले. पुष्कळ शिकले. वसतिगृहाने तो अर्ज मला परत दिला तो वेगळ्याच कारणाने. शेजारचे कागद त्याच्यामुळे भिजत होते. आज तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याचा एक कोपरा अजून वाळलेला नाही. ग्रंथांत याचं कारण शोधलं, मिळालं नाही. शनिवारी संध्याकाळी मी तो खण उघडत नाही.

१९९६ च्या मे महिन्यात वडील नारपोलीच्या खोलीत अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

"आज वार कोनचा?" त्यांनी विचारलं.

"शनिवार."

त्यांनी तोंड फिरवलं. मग बोलले. मी तिथेच बसून उतरवून घेतलं. एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही:

"मी शनवारी सांजच्यालाच आलो व्हतो. तिचं पानी भरून झालतं, पोहरा सोडाया गेलती. तिथं पन तिनं त्योच कागद पुढं केला. मी ढकलली. कागद तिच्या मुठीत व्हता, तिच्यासंगंच खाली गेला, ह्या डोल्यांनी बघितला. सकाली पोलिसांनी मूठ उघडली तवा मी तिथंच उभा व्हतो... मूठ रिकामी व्हती, बाय."