ध्वनिक्षेपकावरची बाई

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये दोन-तीन आठवडे सगळं पिवळं होऊन जातं. पाइनचे पराग गाडीच्या काचेवर, डेकवरच्या खुर्च्यांवर, दाराच्या मुठीवरसुद्धा बसतात. रेखा दातार सकाळी उठून ओल्या फडक्यानं डेकवरचं टेबल पुसायची आणि दुपारी त्यावर पुन्हा बोट ओढलं की रेघ उमटायची. एकाहत्तराव्या वर्षीही तिला असल्या गोष्टींचा राग येत नसे. जे आहे ते आहे. आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते तिनं लिहिलं होतं, जे दिसलं नाही ते लिहिलं नव्हतं.

रविवारी मात्र ती टेबल पुसायला बाहेर पडायच्या आधीच आतून घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या. साडेसात वाजले की तिचा नवरा उल्हास लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडायचा. जर्मनीत तेव्हा दुपारचे दीड वाजलेले असत. कधी कोलोन, कधी डॉर्टमुंड, कधी हॅनोव्हर. तो चहाचा मग मांडीवर धरून बसायचा आणि साडेअकरापर्यंत हलायचा नाही.

हे वेड जुनं होतं. पुण्याहून दोघं इंग्लंडला गेली ती डॉंकास्टरला स्थिरावली. उल्हास तिथं भूलतज्ज्ञ होता. डॉंकास्टर म्हणजे शर्यतींचं गाव, तेव्हा घोड्यांची गोडी लागणं साहजिक होतं. पण तो खरा अडकला जर्मन शर्यतींत, आणि त्याला अडकवलं डेरेकनं. डेरेक शेजारच्या गल्लीत राहायचा. भूगोलाचा मास्तर, एकटा, उंच, खांद्यात वाकलेला. एका उन्हाळ्यात तो उल्हासला कोलोनला घेऊन गेला आणि पुढची एकवीस वर्षं दोघं दर उन्हाळ्यात जर्मनीतली मैदानं पालथी घालत राहिले. पैज लावायची दोघांनाही हौस नव्हती. त्यांना घोड्यांची घराणी पाठ होती. "तिकडे शिंगराचं नाव आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरूनच ठेवतात," उल्हास आल्यागेल्याला सांगायचा. "नुसतं नाव ऐकलं की पणजीपर्यंत पोचता येतं."

डेरेक गेला त्याला आता काही वर्षं झाली होती. ग्राफेनमोर नावाच्या एका लहानशा मैदानावर, शर्यती संपल्यानंतर, घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकच्या मागच्या बाकावर तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. हार्ट ॲटॅक. दोघांची गर्दीत चुकामूक झाली होती, असं उल्हासनं सांगितलं होतं. त्यानंतर तो जर्मनीला गेला नाही. मग अंतराला, त्यांच्या मुलीला, वाटू लागलं की आईबाबांनी आता जवळ राहावं, आणि तीन वर्षांपूर्वी दोघं नॉर्थ कॅरोलायनात आली. अंतराचं घर इथून गाडीनं दहा मिनिटांवर होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी उल्हासनं टीव्हीचा आवाज एकदम वाढवला.

"अहो, केवढ्यानं! भिंतीपलीकडे माणसं राहतात."

"तुला ऐकू आलं?"

"काय?"

त्यानं रिमोटनं टीव्हीकडे खूण केली. पडद्यावर घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरत होते. समालोचक बोलत होता आणि त्याच्या मागे मैदानावरचा ध्वनिक्षेपक पुटपुटत होता. एका बाईचा आवाज, किंचित घोगरा. रेखाला जर्मन येत नव्हतं. उल्हासनं तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा लावला, मग आणखी एकदा. पुन्हा लावल्यावर समालोचकाच्या मागे फक्त वारा होता.

तिला वाटलं, उल्हासचं कानाचं मशीन बदलायला झालं असेल. तिनं ऑडिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. मशीन ठीक निघालं.

पुढच्या रविवारी शर्यती दुसऱ्या शहरात होत्या. रेखा पोह्यांना फोडणी देत होती. मोहरी तडतडायची थांबली आणि त्या शांततेत तिनं स्वच्छ ऐकलं: "हेर डॉक्टर दाटार." हेर म्हणजे श्रीयुत, एवढं तिला माहीत होतं. तोच घोगरा आवाज. ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. उल्हास पडद्याकडे बघत नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत होता.

"दातार म्हणाली ती?" रेखानं विचारलं.

"तुलाही आलं ना ऐकू." त्याच्या आवाजात सुटका होती की भीती, तिला कळलं नाही.

"दुसरा कोणी असेल. मिळतंजुळतं नाव."

"असेल."

त्यांनी तो भाग पुन्हा लावला. टापा, टाळ्या, लांबून बँडचा आवाज. नाव नव्हतं.

तिसऱ्या रविवारी आश्लेषा आली. पलीकडच्या टाउनहाउसमध्ये राहणारी पुण्याची मुलगी, इथं सॉफ्टवेअरमध्ये. आधी चार वर्षं जर्मनीत नोकरी करून आलेली. ती इडलीचं पीठ द्यायला आली होती आणि दारातच थांबून हसली.

"काका, सही! तुमचं नाव अनाउन्स झालं आत्ता टीव्हीवर!"

उल्हासनं चहाचा मग खाली ठेवला.

"काय म्हणाली ती?" रेखानं विचारलं.

"डॉक्टर दातारांनी प्लीज पॅडॉकपाशी यावं. तुमचे फ्रेंड तुमची वाट बघतायत. असं काहीतरी." तिनं दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "प्रँक आहे का यार हा? थांबा, रिवाइंड करू."

तिनं स्वतःच रिमोट घेतला. एकदा लावलं, दोनदा लावलं. मग तिनं रिमोट टेबलावर अगदी हळू ठेवला, जणू तो गरम होता.

"मी नीट ऐकलं होतं, काकू."

"हो गं," रेखा म्हणाली. "पीठ आत ठेवतेस?"

त्या दिवशी उल्हास जेवला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी पोळी खाऊन उठला. आठवडाभरात त्याच्या शर्टाची कॉलर सैल दिसू लागली. अंतरा येऊन बाबांचं ब्लडप्रेशर बघून गेली, टेस्ट्स करून घेऊ म्हणाली. तो सगळ्याला हो म्हणायचा. रविवार आला की मात्र साडेसातला वायर जोडायचा.

"नका लावू," रेखा एकदा म्हणाली.

"नाही लावलं तरी ती बोलावतच असेल," तो म्हणाला. "मैदान कुठलंही असो, बाई तीच आहे, रेखा. ग्राफेनमोरची."

"तुम्हाला कसं माहीत ग्राफेनमोरला कोण होती?"

त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. डेकच्या दारावर पराग आपटल्यासारखे चिकटले होते आणि त्यातून येणारा उजेड मळकट, हळदीच्या पाण्यासारखा होता.

"चुकामूक झालीच नव्हती," तो म्हणाला. "पाचव्या शर्यतीपासून तो डावा जबडा चोळत होता. मी बघितलं. मी, चाळीस वर्षं माणसांना भूल देणारा माणूस. हृदयाचं दुखणं जबड्यात उतरतं, हे मला कळायला नको? विचारलं तर म्हणाला, दात दुखतोय. मला ते पटवून घ्यायचं होतं. शर्यती संपल्या की तो नेहमीच मोतद्दारांशी गप्पा मारत बसायचा आणि मी बसपाशी ताटकळायचो. त्या दिवशी म्हटलं, पुरे. येईल टॅक्सीनं. मी बसमध्ये जाऊन बसलो. खिडकी उघडी होती. तिनं माझं नाव घेतलं. तीनदा. मी ऐकलं, रेखा. आणि बस सुटली."

रेखानं त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचा हात थंड होता.

तिनंही तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो रडत होता, आणि आधी त्याला सावरणं भाग होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मे महिन्यात त्यानं मॉरीनला फोन लावला. मॉरीन डेरेकची धाकटी बहीण, तिकडेच यॉर्कशरमध्ये राहणारी. दर नाताळला तिचं कार्ड यायचं. उल्हासनं जेवणाच्या टेबलाशी बसून, फोन स्पीकरवर न ठेवता, तिला सगळं सांगितलं. जबडा, बस, उघडी खिडकी. रेखा स्वयंपाकघरात उभी होती. तिला मॉरीनचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसत्या मधल्या मोकळ्या जागा ऐकू येत होत्या. त्या फार लांब होत्या.

फोन ठेवून तो आत आला. चेहरा पांढराफटक, पण खांदे उतरलेले, ओझं खाली ठेवलेल्या हमालासारखे.

"पुन्हा फोन करू नकोस म्हणाली. बरोबर आहे तिचं." तो ओट्याला टेकला. "एक सांगितलं तिनं. डेरेकचा मोबाइल पोलिसांनी तिला दिला होता. त्या संध्याकाळी त्यानं मला नाही, आपल्या, तुझ्या-माझ्या घरी फोन केले होते. डॉंकास्टरला. तीन. मी मैदानावर फोन बंद ठेवायचो, त्याला माहीत होतं." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू होतीस ना घरी? गौरी जेवण होतं त्या दिवशी."

"नव्हते," रेखा म्हणाली. "जेवणाआधी लीड्सला गेले होते, देवळात. शैलाबरोबर."

"हां," तो म्हणाला. "मग काय."

ती घरीच होती. बारा माणसं जेवायला यायची होती, हात पुरणानं भरलेले होते आणि नवरा ऐन गौरींच्या दिवशी जर्मनीत घोडे बघायला गेला होता. फोन वाजला तेव्हा पडद्यावर डेरेकचं नाव दिसलं होतं. हा आता निकाल सांगणार, वीस मिनिटं बोलणार. तिनं वाजू दिला. तो पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजला, आणि ती पोळी लाटत राहिली. दुसऱ्या दिवशी बातमी आल्यावर तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर फोनमधली ती तीन मिस्ड कॉलची नोंद पुसली.

डॉंकास्टरच्या मैत्रिणीला, शैलाला, जाऊन दोन वर्षं झाली होती. विचारायला कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ध्वनिक्षेपकावर फक्त घोड्यांची नावं आली. त्याच्या पुढच्या रविवारीही. उल्हास जेवू लागला. रात्री झोपू लागला. जूनमध्ये तो आश्लेषाला दारात गाठून आईच्या अक्षराची गोष्ट सांगताना दिसला आणि रेखाला हायसं वाटलं. झालं ते झालं. मनाचे खेळ होते म्हणावं तर तिघांनी ऐकलं होतं, पण आता थांबलं होतं. जे आहे ते आहे.

जूनच्या शेवटच्या रविवारी, तिसऱ्या आणि चौथ्या शर्यतीच्या मधे, उल्हास आंघोळीला गेला. टीव्ही चालू होता. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं, शेजारी कोणीतरी लॉन कापत होतं. रेखा सोफ्यावर बसून आलेली पत्रं फोडत होती.

पॅडॉकमध्ये घोडे फिरत होते. समालोचक बोलायचा थांबला.

घोगरा आवाज बोलू लागला.

नाव नव्हतं. सूचना वाटेल असंही काही नव्हतं. बाई आकडे वाचत होती. एकेक, सावकाश, मधे थांबून, जणू समोर कोणीतरी लिहून घेत आहे. रेखाला जर्मन येत नव्हतं, पण आकडे येत होते. घोड्यांचे नंबर ऐकत तिनं इतकी वर्षं काढली होती.

डॉंकास्टरचा जुना नंबर असणार. तिनं पेन उचललं. पाकिटाच्या पाठीवर ती लिहू लागली. जे ऐकू येईल ते लिहायचं.

नॉइन. आइन्स. नॉइन. नऊ, एक, नऊ.

तिचं पेन थांबलं. डॉंकास्टरचा नंबर नऊनं सुरू होत नव्हता.

बाईनं पुढचे सात आकडे वाचले. रेखानं तेही लिहिले. मग तिनं पाकीट लांब धरून ते पाहिलं. तीन वर्षांपूर्वी, इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी, अंतरानं दुकानात नेऊन तिला मोबाइल घेऊन दिला होता. तेव्हा डेरेकला जाऊन बराच काळ लोटला होता. पाकिटावर लिहिलेला तिचा हा नंबर त्याला कधीच माहीत नव्हता.

आंघोळीच्या खोलीत पाणी पडत होतं. उल्हास काहीतरी गुणगुणत होता.

तिनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

मोबाइल स्वयंपाकघरात ओट्यावर पालथा पडला होता. रात्री झोपताना तिनं तो सायलेंट केला होता आणि सकाळी तसाच राहिला होता. तो वाजत नव्हता. थरथरतही नव्हता. फक्त त्याच्या कडांखालून दगडावर पांढरा उजेड पसरला होता.

ती बसल्या जागेवरून बघत राहिली. उजेड बराच वेळ राहिला, मग विझला.

मग पुन्हा आला.