पोहण्याचा मास्तर कसा बुडाला

सकाळी दहा चाळीसला बंदर कार्यालयातला रेडिओ खरखरला.

“माझा भाऊ पाण्यात उतरला होता. आता दिसत नाहीये. वहिनी बेशुद्धीत असल्यासारखी बसलीय. कुणीतरी या लवकर.”

बंदर निरीक्षक बाईंनी हातातली फाइल बाजूला सारली. “बोट कोणती? नांगर कुठे टाकलाय?”

सात नंबरची पॉवरबोट. दोन केबिन, मागे पाण्यात उतरायला पायऱ्या. खलाशी न घेता चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेली. बेटाबेटांतून हिंडायचं, आवडेल तिथे नांगर टाकायचा, पोहायचं, झोपायचं. आज त्यांचा तिसरा दिवस होता.

ही बोट बाईंच्या ओळखीची होती. आठ महिन्यांपूर्वी वार्षिक तपासणीत त्यांनीच ती पास केली होती.

बचाव पथकाने वहिनी, तिची आठ वर्षांची मुलगी आणि दीर अशा तिघांना बेटावरच्या छोट्या दवाखान्यात आणलं. दोन पाणबुडे पाण्यात उतरले. बाई तिथे पोचल्या तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

दीर व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता.

“तुम्ही कुठे होतात?”

“पुढच्या टोकावर. गळ टाकून बसलो होतो, सातपासून.”

“हाक? धडपड? काही ऐकू आलं?”

“काही नाही. जनरेटरची घरघर तेवढी. साडेदहाला चहा मागायला मागे आलो. वहिनी पायऱ्यांवर टेकून बसलेली, डोळे उघडे. दादा नाही. पोरगी आतल्या केबिनमध्ये, हलवलं तरी उठेना.”

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “दादा पोहण्याचा मास्तर होता, मॅडम. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना तरंगायला शिकवलं त्याने. असा माणूस बायकोपासून हातभर अंतरावर बुडतो? तिलाही पोहता येतं. त्यानेच शिकवलंय. तिने उडी मारली नाही.”

“तुमचा तिच्यावर संशय आहे?”

“रात्री दोघांचं वाजलं होतं.”

“कशावरून?”

“ती म्हणत होती, परत चला, डोकं फुटतंय. दादा म्हणाला, दोन वर्षं ठरवतोय ही सहल, आता कसलं परत?”

आत वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई स्टूल ओढून बसल्या.

“ताई, समुद्र खवळला होता का?”

“नाही हो. ताटात पाणी ओतल्यासारखा होता.”

“तरी उलट्या झाल्या?”

“कालपासून. मला आणि पोरीला. यांचंही डोकं जड होतं, पण बोलले नाहीत. भावजींना काही झालं नाही, ते पुढे उघड्यावरच झोपतात.”

“एसी चालू होता?”

“रात्रभर. सकाळीही. जनरेटर लावूनच चालतो तो. पोरीला उकडतं ना. उलटीच्या वासाने मागची खिडकीही उघडीच ठेवली होती.”

“सकाळचं सांगा.”

“हे मागच्या पायऱ्या धरून पाण्यात होते. मी वरच्या पायरीवर. म्हणाले, पायात जीवच नाही गं. आणि हसले. मग हात सुटला.” तिने चादरीचं टोक मुठीत धरलं. “मला उठायचं होतं. पाय माझे नव्हतेच. ओरडायला गेले तर आवाज निघेना. मी नुसती बघत बसले. बाई, मीच मारलं ना त्यांना?”

बाईंनी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

पलीकडच्या खाटेवर मुलगी निपचित होती. डॉक्टर तरुण होता आणि घामाघूम झाला होता.

“उन्हाचा झटका वाटतोय,” तो म्हणाला. “पण ताप नाही. बोटाला चिमटा लावलाय, रक्तातला प्राणवायू अठ्ठ्याण्णव दाखवतोय. फुप्फुसं साफ. मग शुद्धीवर का येत नाही? मोठ्या इस्पितळात न्यायचं तर बोटीने चार तास. मी काय करू सांगा.”

बाई धक्क्याकडे निघाल्या. मुलीचे कपडे आणायला दीरही सोबत आला.

सात नंबरची बोट धक्क्याला बांधलेली पाहून बाईंच्या कपाळाला आठी पडली. बोट जागेवरच राहू द्या, असं त्यांनी रेडिओवर सांगितलं होतं. पण बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीचा व्यवस्थापक त्याआधीच आपली लाँच घेऊन पोचला होता. एकटाच बोटीवर चढून त्याने ती ओढून आणली होती. सगळे त्याला कप्तान म्हणत. माणूस लाघवी. आता त्याचे डोळे सुजले होते.

“माझी लेक त्या पोरीएवढीच आहे, मॅडम,” तो म्हणाला. “काय हवं ते विचारा.”

“बोट ताब्यात देताना यांना सगळं समजावलं होतं?”

“अर्धा तास. नांगर, रेडिओ, संडास, सगळं. हा फॉर्म बघा, प्रत्येक ओळीवर खूण आहे.”

“फारच भरभर बोलत होते,” दीर मध्येच म्हणाला. “म्हणून दादाने सगळं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं. काही अडलं तर बघता यावं म्हणून.”

बाई केबिनमध्ये उतरल्या. बिछाना विस्कटलेला, खाली उलटीची बादली. खिडकी मागच्या बाजूला उघडलेली, थेट पायऱ्यांवर. त्यांनी मान वर केली. छताला बशीएवढी एक पांढरी डबी होती. तिच्यावर निळसर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता. डबीभोवती छताचा रंग कड्यासारखा उजळ होता, बाकी छत पिवळं पडलेलं.

मग त्यांनी मागची झडप उचलली आणि खाली टॉर्च मारला. पेट्रोलवर चालणारा जनरेटर. त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप चिकटपट्टीने गुंडाळलेला, पट्टीच्या कडा काजळीने काळ्या. पाइपचं तोंड पायऱ्यांच्या खाली, पाण्याच्या जरा वर.

बाईंनी तिथेच उकिडवं बसून दवाखान्यात फोन लावला.

“डॉक्टर, त्या पोरीला आणि आईला प्राणवायू लावा. मास्क लावून, जितका देता येईल तितका. उन्हाचा झटका नाही तो. जनरेटरचा धूर आहे.”

पलीकडून डॉक्टर हळूच म्हणाला, “कार्बन मोनॉक्साइड. आणि बोटाचा चिमटा तो वायू ओळखत नाही, त्याला प्राणवायूच समजतो. माझ्या लक्षात यायला हवं होतं.” फोन बंद झाला.

“म्हणजे?” दिराने विचारलं.

“या वायूला रंग नाही, वास नाही. वारा असता तर उडून गेला असता. दोन दिवस पान हललेलं नाही. रात्री तो उघड्या खिडकीतून आणि फाटक्या पाइपातून केबिनमध्ये भरला. सकाळी पायऱ्यांपाशी साचला. तिथे तुमचे दादा होते, पाण्यापासून वीतभर वर तोंड. पोहणं कितीही येऊ दे, हातपायच चालेनात तर माणूस काय करणार? वहिनी एक पायरी वर होत्या, म्हणून वाचल्या. तुम्ही पुढच्या टोकाला मोकळ्या हवेत होतात, म्हणून धडधाकट.”

दीर झडपेतून खाली बघत राहिला.

“पण मॅडम,” कप्तान घाईने म्हणाला, “वायूचा अलार्म आहे ना आत. तो वाजला असता. यांनी बंद केला असेल.”

“तो आज वाजलाच नसता. काल रात्री, आज सकाळी तो तिथे नव्हताच.”

“असं कसं? फॉर्मवर खूण आहे.”

“आठ महिन्यांपूर्वी मी स्वतः त्या अलार्मचं बटण दाबलं होतं. चांगला ताटलीएवढा होता. आत्ताचा बशीएवढा आहे. मोठ्याची जागा भोवती उजळ राहिलीय. आणि नव्याच्या तोंडावरचा पापुद्राही काढलेला नाही.” त्या दिराकडे वळल्या. “दादांचा फोन?”

फोन केबिनच्या फळीवर चार्जिंगला होता. दिराने पुतणीचा वाढदिवस टाकून तो उघडला. पडद्यावर कप्तान हसतमुखाने संडासाचा पंप दाखवत होता. मागून दादाचा आवाज आला, “जरा हळू सांगा हो.” मग कॅमेरा वर फिरला. छतावर फिकट गोल आणि स्क्रूची दोन रिकामी भोकं.

दिराने व्हिडिओ थांबवला नाही. दादाचा आवाज पुढे चालूच राहिला.

कप्तान कठड्याला धरून उभा होता. “मागच्या पार्टीने तीनदा फोन केला,” तो म्हणाला. “रात्री वाजतो, झोप होत नाही. मी काढून ठेवला.”

“का वाजतो ते बघितलंत?”

“पाइप गळत होता. पट्टी मारली. मोसम संपला की बदलणार होतो. मला कुणाला मारायचं नव्हतं हो.”

“नसेल,” बाई म्हणाल्या. “पण रेडिओवर यांची वहिनी बेशुद्धीत आहे हे ऐकलंत तेव्हाच तुम्हाला कळलं. दवाखान्यात एक फोन केला असतात तर त्या पोरीला दोन तास आधी प्राणवायू मिळाला असता. तुम्ही आधी नवा अलार्म आणि पेचकस शोधलात.”

धक्क्यावरच्या पोलीस शिपायाने कप्तानाच्या दंडाला धरलं, तेव्हा तो लहान मुलासारखा निमूट चालू लागला.

बाई बराच वेळ त्या झडपेपाशी उभ्या राहिल्या. वर्षातून एकदा बटण दाबायचं, सही करायची. उरलेल्या दिवसांत बोटीवर काय राहतं आणि काय निघतं, हे पाहायला त्यांच्या कार्यालयात माणूस नव्हता. तसं त्यांनी वर दोनदा लिहून कळवलं होतं.

चार वाजता पाणबुड्यांना मास्तर सापडला. नांगर टाकला होता त्या जागेपासून फार दूर गेला नव्हता.

पाच वाजता मुलीने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाला, जगेल. डोक्यावर किती परिणाम झालाय ते आत्ता सांगता येणार नाही. बाईंनी वहिनीला सगळं समजावून सांगितलं. जनरेटर, पाइप, अलार्म. तिचे पाय का उठले नाहीत तेही. तिने मास्कच्या आडून शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मी उठूच शकत नव्हते?”

“नाही.”

“कळतंय मला.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “पण मी परत चला म्हटलं होतं ना? अजून एकदा म्हणायला हवं होतं. जोरात.”

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. आणखी करण्यासारखं काही नव्हतं.

दारात दीर उभा होता. हातात पुतणीच्या कपड्यांची पिशवी. आत यावं की जावं, त्याला ठरवता येईना. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून खाटेजवळच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि आपल्या उशाशी ठेवला, म्हणजे त्याला बसता येईल.