शहरातलं सगळ्यात शांत घर

तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला कुलूप होतं. हातात यंत्राची पेटी, खांद्यावर वायरींची पिशवी आणि पावसाने निथळणारे केस... ती जिन्यातच थबकली.

पालिकेच्या नकाशा विभागाने शहराचा गोंगाट घराघरांत किती शिरतो ते मोजायला काढलं होतं. चाळीस घरांत चाळीस आवाजमापक बसवायचे, आठ आठवडे नोंदी घ्यायच्या. एकोणचाळीस बसले. चाळिसाव्या घरचे ऐन वेळी परगावी निघून गेले होते.

"कोण हवंय?" कागदांचा गठ्ठा छातीशी धरून एकजण जिना चढत होता.

"खिडकी," ती म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. "म्हणजे... एक खिडकी हवीय. आठ आठवड्यांसाठी."

"बोट दिलं की हात धरणारे पुष्कळ पाहिलेत. नुसती खिडकी मागणारं आजच भेटलं. या."

तो मुद्रितशोधक होता. छापायच्या आधी पुस्तकांतल्या चुका शोधायच्या, तेही घरी बसून. आई गेल्यापासून घरात तो एकटाच होता. टेबलावर कागद, कागदांवर लाल खुणा, आणि खिडकीखाली मागची गल्ली.

दर गुरुवारी चार वाजता ती नोंदी उतरवायला जाऊ लागली.

"या यंत्राला आपलं बोलणं कळतं?" दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं.

"छे! आवाज किती मोठा, एवढंच. शब्द नाही कळत."

"वाचलो. नाहीतर प्रत्येक वाक्य तपासून बोलावं लागलं असतं."

"आत्ता बोलताय ते न तपासलेलं आहे?"

"कच्चंच आहे," तो म्हणाला आणि उगाच कागद सारखे करत बसला.

कार्यालयात नकाशावर ठिपके उमटत होते. बाजार लाल, चौक लाल, शाळेमागची घरं दुपारपर्यंत लाल. त्या सगळ्या लालभडक पसाऱ्यात एकच ठिपका गडद निळा. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हे यंत्र बिघडलंय का गं? की घर रिकामं आहे?"

"आहे एक माणूस," ती म्हणाली.

आठवडाभर त्याच्या घरच्या आवाजाची रेघ सरळ धावे. फक्त गुरुवारी चार वाजता रेघेवर उंचवटा येई. तो उंचवटा म्हणजे ती. नोंद घेणाऱ्याचा आवाज नोंदीतून वगळायचा, असा नियम होता. पहिल्या गुरुवारी तिने दहा मिनिटं वगळली. पाचव्या गुरुवारी दीड तास. काम दहा मिनिटांचंच होतं.

"एवढी लाखो माणसं तिकडे," गावाहून वहिनी फोनवर म्हणायची, "आणि तुला बोलायला एक मिळेना?"

"त्यांचे आवाज मोजते ना वहिनी."

"मोज बाई. एखादा आवडला तर तेवढं कळव."

शेवटच्या आठवड्याची रेघ तिने त्याच्याच टेबलावर उघडली. मंगळवारी, सकाळी अकरा. छोटा उंचवटा, मग शांतता. पुन्हा उंचवटा. अशी वीस मिनिटं.

"मंगळवारी कोणी आलं होतं?" तिने शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"नाही." त्याचे कान लाल झाले. "मीच बोलत होतो. एकटाच."

"काय?"

"आजनंतर तुम्ही येणार नाही. तर काय म्हणायचं... त्याची तालीम. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात वर्षं गेली, स्वतःचं एक वाक्य जुळेना."

"जुळलं शेवटी?"

"'जाऊ नका'च्या पुढे गाडी सरकलीच नाही."

तिला हसायचं होतं. डोळेच भरून आले. बाहेर पाऊस रिमझिमत होता. ती यंत्राच्या वायरी गुंडाळत राहिली, मान वर न करता.

"साहेब म्हणतात, शहरातलं सगळ्यात शांत घर तुमचं," ती म्हणाली. "खोटं आहे ते. एक जादा यंत्र होतं. चाचणी म्हणून मी माझ्या खोलीत लावलं. माझी रेघ तुमच्याहून सपाट आहे... तिच्यात गुरुवारसुद्धा नाही. नकाशावर टाकायची लाज वाटली मला."

मग त्याने लाल पेनाला टोपण लावलं.

"किती लांब आहे तुमची खोली?"

"दोन बस बदलून. का?"

"चला."

"आत्ता? आणि हे काम?"

"चुका कुठे पळून जात नाहीत."

दोन बस बदलून ते तिच्या खोलीपाशी पोचले. तिने दार उघडलं. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा. तो दारातच उभा राहिला, ओली छत्री बाहेर धरून.

"मला तुमची सवय झालीय," तो म्हणाला. मग मान हलवली. "नाही, चुकलं. मला तुम्ही आवडता."

छत्रीचं पाणी उंबऱ्याबाहेर टपटपत होतं. तिला छातीतली धडधड ऐकू येत होती.

"पहिलंही खोडू नका," ती हळूच म्हणाली. "दोन्ही राहू द्या."

तिने चहाचं आधण ठेवलं, फळीकडे हात नेला आणि थांबली. घरात कप एकच होता. या इमारतीत येऊन तिला दोन वर्षं झाली होती. शेजारच्या काकूंचं दार तिने आज पहिल्यांदा वाजवलं.

"काकू, एक कप मिळेल का?" तिने विचारलं. "माझ्याकडे... कोणीतरी आलंय."