झिल्फानं घेतलेली नावं

कालवं काढायला ओहोटी लागते. त्या शनिवारी ती जरा उशिरा लागली, म्हणून न्याहारी उरकूनच मी भाचीला, झिल्फाला घेऊन होडी खाडीत ढकलली. मी बेटावरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या या खाड्या मला लहानपणापासून पाठ आहेत.

झिल्फा सोळा वर्षांची, फिलाडेल्फियात वाढलेली, जिभेला धार. न्याहारीलाच तिचं आणि माझ्या हेस्टर मावशीचं वाजलं होतं. कोळंबीभात वाढता वाढता मावशी जुन्या माणसांच्या गोष्टी सांगत होती.

"कसली जुनी माणसं, आजी?" झिल्फा म्हणाली. "आपला इतिहास आफ्रिकेतून आलेल्या गुलामांच्या जहाजापासून सुरू. त्याच्या मागं नुसता अंधार."

मावशीनं पळी आपटली. "जहाजातनं काय पोती उतरली होती का गं? माणसं उतरली. अन् माणसाला आई असते."

झिल्फानं ताट पुढं ओढून घेतलं. 

परतताना धुकं आलं. ऊन असताना, वारा असताना. पाणी दिसेना, काठचं गवत दिसेना. मग तळाशी करकर आवाज झाला आणि होडी थांबली.

मी इंजिन पूर्ण ताकदीनं चालवलं. मागं पाणी घुसळत होतं, होडी तसूभर हलेना. वल्हं खाली घातलं. तळ लागला नाही.

धुक्यात घामाचा वास होता. आणि श्वास. पुष्कळ माणसं एका लयीत घेतात तसा.

"कोण आहे?" मी ओरडलो.

"ओरडू नकोस, मामा." झिल्फा उभी राहिली होती. "ते विचारतायत."

"काय?"

"तू कुणाची म्हणून."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं.

तिनं धुक्याकडं तोंड केलं. 

"मी झिल्फा. लॉरेटाची."

धुक्यातले श्वास थांबले.

"लॉरेटा डेलियाची. डेलिया बिनाची."

लॉरेटा माझी बहीण, डेलिया आमची आई, बिना आजी. तिच्यामागचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही.

"बिना सुकीची. सुकी कादीची. कादी याबोमची..."

ती थांबली नाही. पुढची नावं या किनाऱ्यावरची नव्हती. दर नावाला धुक्यातून कुणीतरी हुंकार देत होतं, आणि झिल्फाची मान दर नावागणिक वर येत होती. एवढी वर्षं मी मुलं शिकवली, पण इतकं ताठ उभं राहिलेलं पोर पाहिलं नव्हतं. मी भ्यालो होतो, तरी ऊर अभिमानानं भरून आला.

मग होडी आपोआप चालू लागली.

धक्क्यावर मावशी उभी होती. तिनं झिल्फाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "नावं घेत किती लांब गेलीस गं?"

"शेवटच्या नावाची बाई हसली, आजी," झिल्फा म्हणाली. "अगदी माझ्यासारखी."

मी होडी वाळूवर ओढून उलटी केली. तळाची फळी उभी चिरली होती, हात आत जाईल एवढी. तरी आत पाण्याचा थेंब आला नव्हता. फट बाहेरून चिखलानं बुजवलेली होती, हाताच्या तळव्यांचे ठसे उमटतील असं दाबून. मोठे तळवे, म्हातारे तळवे आणि एक तर तान्ह्या बाळाचा.

मी चिखलाला बोट लावलं. तो अंगासारखा कोमट होता.