बहिऱ्या सुरुंगवाल्याला जे ऐकू आलं

खोटं वाटेल. पण ज्या लेकीच्या घरात हे घडलं, तिने यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

उन्हाळा होता. उजाड माळ, त्यावर दगडखाण आणि खाणीमागे एकच घर.

तिचे बाबा खाणीत सुरुंग उडवायचे. त्यापायी दोन्ही कान जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मग काम चालायचं ते निशाणावर. मुकादमाने लाल फडकं हलवलं की वात पेटवायची आणि पळायचं.

त्या सोमवारी मुकादमाने कड्यातली कपार दाखवली. आत घुबडाची तीन पिल्लं. थांबायचं का, त्याने खुणेने विचारलं.

"घुबडासाठी खाण बंद ठेवतोस होय?" बाबा म्हणाले.

आणि वात पेटवली.

त्याच रात्री ते अंगणातल्या खाटेवर ताडकन उठून बसले.

"कोण घुमतंय?"

लेकीने कान दिला. काहीच नाही... रातकिडेसुद्धा गप्प होते.

"घुबड आहे गं. मला ऐकू येतंय." त्यांचे डोळे भरून आले.

"अकरा वर्षं माझी हाक पोचली नाही," आई पुटपुटली. "घुबडाची बरी पोचली."

दुसऱ्या रात्री आवाज कुंपणापाशी आलाय, असं बाबा म्हणाले.

तिसऱ्या रात्री लेकीला ते दिसलं. खाटेच्या उशाला, भिंतीवर. केशरी डोळे. चोच मिटलेली. गळाही हलत नव्हता...

आणि बाबा मान डोलावत ऐकत होते.

तिने दगड उचलला. बाबांनी तिचं मनगट पिरगाळलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"बोलू दे त्याला."

सकाळी तिने पाटीवर लिहिलं, आज जाऊ नका.

"अकरा वर्षांनी कान उघडलेत, आणि तू तोंड पाडून बसलीस," म्हणत ते गेले.

दुपारी फडकं हललं. बाबांनी वात पेटवली. पळाले.

अर्ध्या वाटेत थबकले... कानामागे हात धरला...

आणि माघारी फिरले.

मुकादम फडकं हलवतच राहिला.

"जाताना काही बोलले?" लेकीने नंतर त्याला विचारलं.

त्याने चपलेने माती उकरली.

"ओरडून म्हणाले, पिल्लं रडतायत रे. तिन्ही जिवंत आहेत."

याला दोन वर्षं झाली. लेक आता शहरात राहते, सातव्या मजल्यावर, आईला घेऊन. कडाक्याच्या थंडीतही पंखा लावूनच झोपते.

गेल्या आठवड्यात रात्री वीज गेली.

पहाटे आई उठली, तेव्हा लेक दोन्ही कान दाबून बसली होती.