शीतनळ्यांची कळ

वादळ येणार म्हटलं की वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्या वर ओढायची पूर्वी कोण धांदल उडायची! आता मोबाइलवर इशारा वाजला तरी लोक सुरमईचा भाव करत उभे असतात. का नाही राहणार? अरबी समुद्रात आपले शीतनळे आहेत ना! खोल तळाचं गार पाणी ते वर आणून ओततात. वादळ पोसतं ते वरच्या कोमट पाण्यावर. ते पाणी गार झालं की त्याची चूलच विझते.

या शीतनळ्यांची कळ वेंगुर्ल्याच्या केंद्रात, डॉ. हेमांगी तांडेल यांच्या हाताशी. पण त्या दुपारी वादळ अरबी समुद्रातल्याच सिंदारा नावाच्या चिमुकल्या बेटदेशावर चाल करून निघालं, आणि दिल्लीचे सहसचिव कुलश्रेष्ठ पडद्यावर निवांत चहा पीत होते.

"सिंदारानं बंदराचा करार अडवलाय, मॅडम. त्यांची सही होईपर्यंत नळे बंद ठेवा."

"तोवर बेटं बुडतील, साहेब! माणसं राहतात तिथं."

"म्हणूनच तर सही करतील. प्रादेशिक सत्ता म्हणजे काय भजनी मंडळ आहे? सैन्य आहे, पैसा आहे. पण शेजारी वचकून असला तरच त्याचा उपयोग."

हेमांगीताईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांचे वडील मासेमारीच्या मचव्यावरचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. मासेमारीच्या हद्दीवरून शेजारच्या गावाशी त्यांची डोकी फुटायची. पण वारा फिरला की त्याच गावाच्या होडीला आधी दोर टाकायचा, भांडण नंतर किनाऱ्यावर. दोर न टाकणाऱ्याला पुढे कुठल्याच बंदरात कोणी हिंग लावून विचारत नसे.

"वचक गावगुंडाचाही असतो, साहेब. अडीनडीला शेजारी कोणाचं दार ठोठावतो, त्यावर घराची पत ठरते. मी नळे सुरू करतेय."

"नोकरी जाईल!"

"खुशाल जाऊ दे!" म्हणत त्यांनी कळ दाबली.

संध्याकाळपर्यंत वादळाचा जोर ओसरला. सिंदारावर नुसता धो धो पाऊस पडला. इकडे सकाळपासून लागू होणारा बडतर्फीचा आदेशही आला. नवे प्रमुख सकाळी येणार होते. हेमांगीताई ऐटीत खुर्चीवरून उठल्या, तेवढ्यात फोन वाजला. सिंदाराच्या वेधशाळेच्या प्रमुख नसीमा दीदी हिंदीत बोलत होत्या.

"जीव वाचले, तुमचे उपकार आहेत. पण मी भांडायला फोन केलाय."

"माझ्याशी?" हेमांगीताई चमकल्या.

"हो, तुमच्याशीच. आमच्या समुद्रात नळे, आणि कळ फक्त तुमच्याकडे का? उद्या त्या खुर्चीत कोण बसेल?"

हेमांगीताई पुन्हा खुर्चीत टेकल्या.

"आमच्या भागातले नळे आमच्या हाती सोपवायची सोय तुमच्या यंत्रात आहे, मला ठाऊक आहे. तुमच्या बडतर्फीची बातमी इथंही आलीय, पण सकाळपर्यंत तुम्हीच प्रमुख आहात. कळ देताय, की आम्ही जन्मभर आभारच मानायचे?"