मागच्या सीटवरचं वजन

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाचणं सोडून द्यावं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर मला धड झोप लागलेली नाही.

म्हैसूर, विजयनगर, आमचं घर. गेल्या आयुधपूजेची आदली संध्याकाळ. गल्लीत जो तो आपली गाडी धूत होता. आमच्याकडे त्या वर्षी पूजा नव्हती. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं.

अप्पांना आता अंधारात नीट दिसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी मी बंगळूरला नेणार होते. पण हेडलाइट फार वर पडत होते, समोरचे शिव्या घालायचे. या कामासाठी अप्पा कधी मेकॅनिककडे गेले नाहीत. गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी करायची, भिंतीवर पट्टी चिकटवायची आणि बॉनेट उघडून स्क्रू फिरवत उजेड पट्टीखाली आणायचा.

त्यात त्यांचा एक हट्ट. आधी सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचं. मागे वजन आलं की गाडीचं नाक उचललं जातं आणि उजेड वर चढतो. मी पुढे, आई मागे. आई दर वेळी कुरकुरायची, "मी काय तांदळाचं पोतं हाय?"

मी विचारलं, "अप्पा, मागे पोतं ठेवू का?"

"बेडा, तारा. नक्को. तिच्या जागी काय बी ठेवायचं नाही."

मी स्टीअरिंगवर बसले. अप्पा स्क्रू फिरवू लागले. उजेड खाली... अजून खाली... पट्टीखाली थांबला.

"साकु," ते कानडीत म्हणाले, "बस झालं."

तेवढ्यात गाडी मागून दबली.

कर्र...

दार तर उघडलंच नव्हतं.

आणि माझ्या पाठीमागे... "हुश्श."

आईचे गुडघे दुखायचे. गाडीत बसली की ती अशीच हुश्श करायची.

मी आरशात पाहिलं. सीट रिकामी.

समोर उजेड पट्टी ओलांडून वर गेला होता.

 मी दार उघडणार तोच अप्पांनी हात केला. "हलू नको."

ते भिंतीकडे बघत रडत होते.

"सरोजा, उतर की गे. गाडी उद्या जातीय. मी हितंच हाय."

आम्ही थांबलो. बराच वेळ.

उजेड खाली आला नाही.

"सरि, बरं," अप्पा डोळे पुसत म्हणाले, "जा मग लेकीसंगट." आणि त्यांनी स्क्रू पुन्हा फिरवला. तिचं वजन धरून लाइट नीट लावले. 

बंगळूरला मी रोज गाडी चालवते. उजेड हवा तिथेच पडायचा. मी आरशात बघणं सोडलं होतं. रोज संध्याकाळी अप्पांचा फोन यायचा.

"लाइट बरोबर पडतंय न्हवं?"

"हो, अप्पा."

 मग फोनवर नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.

परवापासून उजेड खाली पडतोय... पार गाडीच्या पुढ्यात. स्क्रूला कुणी हात लावलेला नाही.

मी अप्पांना हे सांगितलं नाही. धीर होत नाही.

काल त्यांचा फोन आला. किती महिन्यांनी ते हसून बोलले. जेवण झालं म्हणाले, काळजी करू नको म्हणाले.

लाइटचं त्यांनी विचारलंच नाही.